जुनी कोक मशीनं आणि पाडलेल्या स्टेडियमच्या खुर्च्या : काय दुरुस्त करावं, काय तसंच ठेवावं?

नाणेघाट

इथे नाण्यांवर, काडेपेट्यांच्या छापांवर, ग्रामोफोनवर सुंदर धागे आहेत. मी ज्या वस्तू जमवतो त्यांच्यावर मराठीत लिहिलेलं काही सापडलं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

मी डेट्रॉईटजवळ राहतो. घराच्या तळघरात दोन प्रकारच्या गोष्टी साठल्या आहेत. एक, १९४० आणि ५०च्या दशकातली कोकाकोलाच्या बाटल्यांची व्हेंडिंग मशीनं. दुसरं म्हणजे पाडून टाकलेल्या बेसबॉल स्टेडियममधल्या खुर्च्या, विभागांच्या पाट्या आणि एक टर्नस्टाइल (प्रेक्षकांना एकेक करून आत सोडणारं फिरतं दार). येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो की या दोन्हींचा संबंध काय. माझ्या लेखी संबंध सरळ आहे. दोन्ही वस्तू असंख्य माणसांनी वापरल्या आणि मालकाला त्यांचा उपयोग संपलासा वाटला त्या दिवशी भंगारात निघाल्या. पण त्या जपायची रीत मात्र अगदी उलटी आहे, असं माझं ठाम मत झालंय. मशीन दुरुस्त करून चालतं ठेवावं. स्टेडियमची खुर्ची जशी निघाली तशीच ठेवावी. यावर तुमचं म्हणणं ऐकायचंय.

आधी मशीनबद्दल. कोकची किंमत १८८६ ते १९५९ अशी सत्तरहून जास्त वर्षं ५ सेंटच होती. मध्ये दोन महायुद्धं आणि महामंदी होऊन गेली, तरी निकेल, म्हणजे पाच सेंटांचं एक नाणं टाकलं की साडेसहा औंसाची बाटली. याला बरीच कारणं आहेत, पण त्यातलं एक कारण ही मशीनंच होती. १९५० साली अमेरिकेत सुमारे साडेचार लाख व्हेंडिंग मशीनं होती आणि त्यातली ८५ टक्के कोकाकोलाची. ती एकच नाणं ओळखायची. किंमत वाढवायची तर पुढचं नाणं डाइम, दहा सेंटांचं, म्हणजे भाव एकदम दुप्पट! कंपनीचे प्रमुख रॉबर्ट वुडरफ यांनी १९५३ साली आयझेनहॉवर यांच्या सरकारकडे साडेसात सेंटांचं नवं नाणं काढण्याची मागणी केली होती, ती काही मान्य झाली नाही. मशीनच्या पोटातल्या एका पत्र्याच्या खाचेमुळे देशाचं नाणं बदला म्हणण्यापर्यंत गोष्ट गेली, हे कळलं तेव्हापासून मी या मशीनांच्या नादाला लागलो.

बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या होत्या. कॅन्सस सिटीची व्हेंडो (स्थापना १९३७), टेनेसीतल्या चॅटनूगाची कॅव्हॅलियर, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोची व्हेंडोरलेटर आणि जेकब्स. जेकब्सचं मशीन वरून गोल असतं, टपालपेटीसारखं, त्यामुळे इथले लोक त्याला ‘मेलबॉक्स’च म्हणतात. मॉडेलचा आकडा बहुतेक वेळा किती बाटल्या मावतात ते सांगतो. व्हेंडो ३९, व्हेंडो ४४, व्हेंडो ८१, कॅव्हॅलियर ७२ वगैरे. व्हेंडो ८१ला सगळ्यात जास्त मागणी असते, वरून पांढरं आणि खाली लाल. मला स्वतःला व्हेंडो ४४ आवडतं. जेमतेम १६ इंच रुंद, उभं, सडपातळ. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यानेही घ्यावं असं.

आता खुर्च्या. डेट्रॉईटचं टायगर स्टेडियम २० एप्रिल १९१२ रोजी नॅव्हिन फील्ड या नावाने सुरू झालं, बोस्टनचं फेनवे पार्कही त्याच दिवशी. फेनवे अजून उभं आहे. टायगर स्टेडियममध्ये शेवटचा सामना २७ सप्टेंबर १९९९ला झाला. आठव्या डावात रॉबर्ट फिकने मारलेला ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार धावा) उजव्या बाजूच्या छतावर जाऊन आदळला, आणि त्या मैदानावरचा तो शेवटचा फटका ठरला. पाडापाडी २००८-०९मध्ये झाली. माझ्याकडे तिथल्या दोन पिढ्यांच्या खुर्च्या आहेत : लाकडी पट्ट्यांची, बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पायांची हिरवी खुर्ची, आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या नूतनीकरणात आलेली प्लास्टिकची निळी. हिरव्या खुर्चीच्या हातावर रंग पूर्ण झिजून लाकूड उघडं पडलंय. ते मी कधीही रंगवणार नाही.

गल्लीतला_फलंदाज

नाणेघाट, वाचताना मजा आली. मी पुण्यात, बेसबॉल फक्त टीव्हीवर पाहिलेला. एक प्रामाणिक प्रश्न. स्टेडियममध्ये चाळीस-पन्नास हजार खुर्च्या असतात. त्यातली एक घरात आणून ठेवण्यात विशेष काय? खेळाडूची बॅट किंवा टोपी समजू शकतो.

शिवाय आपल्याकडे असं काही होतं का? वानखेडेवर २०११च्या अंतिम सामन्यात धोनीचा शेवटचा षटकार जिथे पडला त्या जागेवर एमसीएने (मुंबई क्रिकेट असोसिएशनने) नंतर स्मृतिस्थळ करायचं ठरवलं, एवढं आठवतं.

नाणेघाट

गल्लीतला_फलंदाज, वानखेडेचं उदाहरण तुम्हीच दिलंत आणि उत्तरही त्यातच आहे. त्या जागेवरच्या खुर्च्या बाकीच्यांसारख्याच, पण चेंडू तिथे पडला.

बॅट खेळाडूची असते. खुर्ची बघणाऱ्याची असते. बेसबॉलचा संघ एका मोसमात घरच्या मैदानावर ८१ सामने खेळतो. सीझन तिकीट असलेला माणूस त्याच खुर्चीत वर्षानुवर्षं बसतो. शेजारचा कोण, पुढचा कोण हे ठरलेलं. बाप गेला की मुलगा तिथे बसतो. म्हणून स्टेडियम पाडायची वेळ आली की लोक आपापल्या नंबरची खुर्ची मागतात. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमच्या खुर्च्या २००८मध्ये विकायला काढल्या तेव्हा जोडीची किंमत ८६९ डॉलर ठेवली होती, कारण तिथला संघ मेट्स १९८६ आणि १९६९ साली विजेता ठरला होता : ८६ आणि ६९ जोडून ८६९. मला ही कल्पना फार आवडते. किंमतच आठवण करून देते.

ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डची गोष्ट तर ऐकाच. डॉजर्स संघ १९५७नंतर लॉस एंजेलिसला निघून गेला. २३ फेब्रुवारी १९६०ला मैदान पाडायला सुरुवात झाली, आणि क्रेनला लटकवलेला लोखंडी गोळा बेसबॉलच्या चेंडूसारखा रंगवलेला होता, पांढरा, त्यावर लाल शिलाई. तोच गोळा १९६४मध्ये न्यूयॉर्कचंच पोलो ग्राउंड्स हे मैदान पाडायला वापरला. रॉय कॅम्पानेला हा डॉजर्सचा यष्टिरक्षक, म्हणजे कॅचर, अपघाताने चाकाच्या खुर्चीत बसलेला, त्या दिवशी हजर होता. त्याला होम प्लेटच्या (फलंदाज जिच्यापाशी उभा राहतो त्या पाटीच्या) मागची माती एका कलशात भरून दिली. ज्या मातीवर तो वर्षानुवर्षं उकिडवा बसला, ती माती. यापेक्षा योग्य भेट मला सुचत नाही.

उद्यमनगरी

कोल्हापूरहून. आमचा ओतकामाचा धंदा आहे, त्यामुळे बिडाचे पाय म्हटल्यावर राहवलं नाही. खुर्चीच्या कडेच्या पायावर नक्षी असते का? आणि नकली निघतात का? कारण नक्षीदार बिडाची नक्कल करणं आमच्यासारख्याला अवघड नाही.

नाणेघाट

उद्यमनगरी, तुमच्यासारखा माणूस या धाग्यावर यावा हीच इच्छा होती! हो, रांगेच्या टोकाच्या खुर्चीच्या बाहेरच्या पायावर नक्षी असायची. पोलो ग्राउंड्सच्या टोकाच्या पायावर एन आणि वाय ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली आहेत. त्या खुर्चीची किंमत साध्या खुर्चीच्या कितीतरी पट असते, म्हणून नकलाही निघतात. या खुर्च्या बनवणारी एक मोठी कंपनी, अमेरिकन सीटिंग, आमच्याच मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सची.

नकली ओळखायची कशी, तुम्हीच सांगा.

उद्यमनगरी

सांगतो. नक्कल करणारा बहुतेक वेळा नवा पॅटर्न (साचा काढायचा नमुना) करत बसत नाही. अस्सल पाय घेतो आणि तोच पॅटर्न म्हणून वाळूत दाबतो. पण बीड थंड होताना आकसतं, साधारण एक टक्का. पॅटर्न करणारा कारागीर तेवढी वाढ आधीच धरून पॅटर्न मोठा करतो. अस्सल पायावरून थेट साचा काढला तर ओतलेला माल मूळ पायापेक्षा एक टक्का लहान येतो. ४०० मिलिमीटर उंचीच्या पायात ४ मिलिमीटर कमी भरले तर ते डोळ्याला दिसत नाही, पण मोजपट्टीला दिसतं. एखाद्या संग्रहालयातला किंवा खात्रीचा अस्सल पाय मोजून ठेवा, बोल्टच्या भोकांमधलं अंतर मोजा, आणि विकत घ्यायचा पाय त्याच्याशी ताडून बघा.

दुसरं, अक्षरांच्या कडा बघा. नकलेची नक्कल झाली की कडा गोल, बोथट होत जातात. जुन्या रंगाचे थर असलेल्या पायावरून साचा काढला असेल तर रंगाचा जाडपणाही नक्षीत उतरतो आणि बारीक रेषा बुजतात. तिसरं, पाठीमागची बाजू. जुन्या फाउंड्रीत पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ) छिन्नीने काढून हाताने कानस मारलेली असते, आजकाल ग्राइंडर फिरवतात. ग्राइंडरच्या चकतीचे गोल चरे लगेच कळतात.

आणि गंज. ॲसिड मारून आणलेला गंज सगळीकडे सारखा लागतो. खरा गंज जिथे पाणी साठतं तिथे लागतो, म्हणजे खाली, बोल्टच्या भोवती.

नाणेघाट

हे सोन्यासारखं आहे. एक टक्क्याची गोष्ट मी इथल्या कुठल्याही संग्राहकाच्या तोंडून ऐकली नव्हती. माझ्या बाजूने एक भर. स्क्रू बघा. फिलिप्सच्या स्क्रूचं पेटंट १९३६चं. ‘१९१३ची, कधीच हात न लावलेली’ म्हणून विकत असलेल्या खुर्चीच्या पट्ट्यांना अधिक-चिन्हाचे स्क्रू असतील तर पट्ट्या नंतर बदलल्यात. बदलल्या असल्या म्हणून खुर्ची खोटी ठरत नाही, स्टेडियमवाले स्वतःच दुरुस्ती करत, पण ‘हात न लावलेली’ हे विधान खोटं ठरतं.

आणि हे विसरू नका : मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतली मुख्य बेसबॉल लीग, अस्सल वस्तूंना लावते तो होलोग्रामचा स्टिकर २००१पासूनचा आहे. त्याआधी एफबीआयने नकली सह्यांचं मोठं जाळं पकडलं, त्यातून ही पद्धत आली. आज प्रत्येक सामन्याला आजी किंवा माजी पोलीस अधिकारी हजर असतो. चेंडू, बेस, तुटलेली बॅट त्याच्या डोळ्यांसमोर बाजूला निघाली तरच तो स्टिकर लावतो, आणि स्टिकरवरच्या क्रमांकावरून तो कोणत्या सामन्यातला ते कुणालाही बघता येतं. पण १९६०मध्ये पाडलेल्या मैदानाच्या खुर्चीला असा स्टिकर कुठून असणार? तिथे कागद महत्त्वाचा. विक्रीच्या वेळचं पत्र, पावती, जुना फोटो, घरातल्या माणसाने लिहून ठेवलेली दोन ओळींची चिठ्ठी. खुर्ची घेताना मी विकणाऱ्याला नेहमी विनंती करतो की तुम्हाला ही कशी मिळाली ते स्वतःच्या हाताने लिहून द्या. बहुतेक जण आनंदाने देतात.

चाफेकळी

न्यू जर्सीहून नमस्कार. नाणेघाट दादा, तुम्ही म्हणता या दोन छंदांचा संबंध फक्त भंगाराचा, पण त्यांना जोडणारी एक वस्तू माझ्याकडे गठ्ठ्याने आहे! शिकागोची एक्झिबिट सप्लाय कंपनी. जत्रेत, करमणुकीच्या बागेत, समुद्रकिनाऱ्यावरच्या आर्केडमध्ये तिची मशीनं असत. एक पेनी टाकायची, दांडा ओढायचा, आणि पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड खाली पडायचं. त्यावर बेसबॉलपटू : बेब रूथ, टाय कॉब, पुढे जॅकी रॉबिन्सन, टेड विल्यम्स. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९६०च्या दशकापर्यंत ही कार्डं निघत होती. पाठ बहुतेकदा कोरी, आणि पुष्कळशांवर साल नाही. त्यामुळे कोणतं कार्ड कधीचं ते ठरवताना अंगावरचा गणवेश, टोपीवरचं अक्षर, खालच्या ओळीतला बारीक मजकूर यावरून शोध घ्यावा लागतो. मला हे शोधकाम फार प्रिय आहे. कार्ड हातात घेतलं की संध्याकाळ कुठे जाते कळत नाही.

च्युइंगगमबरोबर खेळाडूंची कार्डं विकणारी टॉप्स कंपनीही मशीनांसाठी वेगळ्या पेट्या काढायची, एका पेटीत ५०० कार्डं, च्युइंगगम नाही, मेणकागद नाही. त्यामुळे गमचा डाग किंवा मेणाचा तवंग नसलेली स्वच्छ कार्डं हवी असतील तर जाणकार ‘व्हेंडिंग’ची कार्डं शोधतात. साध्या पाकिटातलं पाठीमागचं कार्ड मेणाने, पुढचं गमने खराब झालेलं असतं.

आता तुमच्या मुद्द्याकडे. मशीन दुरुस्त करा, खुर्ची करू नका. मला अर्धंच पटलं. मशीनच्या आतलं यंत्र बदला, हरकत नाही. पण बाहेरचा रंग का खरवडता? गाडीच्या कारखान्यातला चकाकणारा लाल रंग मारलेलं मशीन पाहिलं की मला ते आईस्क्रीमच्या नव्या दुकानातलं वाटतं. पेट्रोलपंपावर उन्हात उभं राहून गुलाबी झालेला लाल रंग, दरवाजाच्या कडेला हातांनी पडलेला पट्टा, हे खुर्चीच्या झिजलेल्या हाताइतकंच खरं नाही का?

नाणेघाट

चाफेकळी ताई, कार्डांबद्दल स्वतंत्र धागा काढाच, मी पहिला वाचक.

रंगाबद्दल तुमचं म्हणणं गंभीर आहे आणि त्यावर मी बरंच डोकं चालवलंय. माझा विचार असा. खुर्चीचं काम होतं माणसाला धरून ठेवायचं, आणि ती ते आजही करते, रंग उडाला तरी. मशीनचं काम बाटली थंड करून द्यायचं. पत्रा कुजला, दरवाजाचं रबर फाटलं, तळाला गंजून भोक पडलं की थंड हवा टिकत नाही, कॉम्प्रेसर दिवसभर धावतो आणि जळतो. पत्रा वाचवायचा तर गंज काढावा लागतो, आणि गंज काढला की रंग द्यावाच लागतो. तुम्ही म्हणता तसा फिकट पण धड रंग असेल, पत्रा शाबूत असेल, तर मी हात लावत नाही. फक्त मेण घासतो. अर्धा दरवाजा गंजला असेल तर मात्र रंग देतो. अक्षरं पत्र्यात उठावाने ठोकलेली असतील तर तिथे सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने घासणं) अजिबात नाही, उठाव झिजतो.

चाफेकळी

म्हणजे तुमचा नियम ‘मशीन दुरुस्त करावं’ नसून ‘मरत असेल तर दुरुस्त करावं’ असा आहे. त्याला माझी पूर्ण संमती.

नाणेघाट

मान्य. तुमचे शब्द माझ्यापेक्षा नेमके आहेत.

थंडगार

ठाण्यात राहतो, रेफ्रिजरेशनच्या कामात आयुष्य गेलं. आतल्या यंत्राबद्दल थोडं बोलतो, कारण बाहेरच्या देखणेपणाच्या भरात लोक हे विसरतात.

१९५०च्या दशकातल्या अशा मशीनांत थंड करण्यासाठी आर-१२ गॅस असतो. अमेरिकेत त्याचं उत्पादन १९९५च्या अखेरीस थांबलं, ओझोनच्या थरामुळे. तो हवेत सोडणं गुन्हा आहे, आणि तिथे गॅसला हात लावायला सरकारी परवान्याची परीक्षा द्यावी लागते. याहून जुन्या, १९३०च्या काळातल्या काही पेट्यांत सल्फर डायऑक्साइड असतो. तो घातक आहे. जुनी पेटी उघडताना तिखट, घशाला झोंबणारा वास आला तर ताबडतोब बाहेर पडा.

पुष्कळ जण सांगतात ‘आर-१२ काढा, आर-१३४ए भरा’. एवढं सोपं नाही. जुन्या कॉम्प्रेसरमध्ये मिनरल ऑइल असतं, ते नव्या गॅसमध्ये मिसळत नाही. तेल गॅसबरोबर फिरून कॉम्प्रेसरमध्ये परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. तेल बदलावं लागतं, फिल्टर ड्रायर (ओलावा शोषणारी गाळणी) बदलावा लागतो, कॅपिलरी (गॅसची बारीक नळी) पुन्हा जुळवावी लागते. जुना कॉम्प्रेसर आवाज न करता चालत असेल आणि गळती नसेल तर त्याला छेडू नये. नसेल तर संपूर्ण नवं कंडेन्सिंग युनिट तळाशी बसवावं आणि जुनं युनिट फेकू नये, पुसून, तोंडं बंद करून मशीनबरोबरच ठेवावं.

वायर मात्र पहिल्या दिवशी बदला. त्या काळची रबराची आणि कापडाची वायर हातात चुरा होते, अर्थिंगही नसतं. लोखंडी पेटी, आत दमट, आणि लहान मूल हात लावणार. इथे जुनेपणाचा हट्ट नको.

गल्लीतला_फलंदाज

थंडगार काका, समजा कुणी असं मशीन पुण्याला आणलं तर चालेल का?

थंडगार

अमेरिकेत ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरेल, हर्ट्झ नाही बदलणार. मोटर हळू फिरेल आणि तापेल. मी असतो तर त्याचं मूळ युनिट जपून ठेवून इथल्या २३० व्होल्टच्या लहान कॉम्प्रेसरचं युनिट बसवलं असतं. दिव्याची ट्यूब आणि चोकही इथले. नाण्याची यंत्रणा विजेवर अवलंबून असेल तर तेवढ्यापुरता छोटा ट्रान्सफॉर्मर चालतो.

पण नाणं कोणतं टाकणार?

नाणेघाट

अमेरिकेचंच टाकावं! पाहुण्याच्या हातात एक डाइम द्यायचा, त्यातच गंमत आहे.

नाण्याच्या यंत्रणेबद्दल लिहायचं राहिलंच होतं, आणि मला सगळ्यात जास्त प्रेम तिच्यावरच आहे. सेंट लुइसच्या नॅशनल रिजेक्टर्स आणि कॉइन अ‍ॅक्सेप्टर्स या कंपन्या ती बनवत. नाणं परखण्याच्या भागात बॅटरी नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही, सगळं गुरुत्वाकर्षणावर. नाणं आधी आकाराच्या खाचेतून जातं, मोठं असेल तर अडकतं. मग एका तोललेल्या पाळण्यात पडतं, वजन पुरेसं असेल तरच पाळणा कलतो. मग ते उतारावरून चुंबकाशेजारून घरंगळतं. लोखंडी चकती असेल तर चुंबकाला चिकटते आणि परतीचा दांडा दाबला की खरवडून खाली पडते. खरं नाणं चुंबकाला चिकटत नाही, पण त्याच्यात क्षणभर विद्युत्‌प्रवाह फिरतो आणि त्याचा वेग ठरावीक कमी होतो. त्या वेगाने खाली पडताना ते बरोबर एका खुंटीच्या पलीकडे उडी घेतं. पितळेची किंवा शिशाची चकती कमी-जास्त वेगाने येते आणि खुंटीच्या चुकीच्या बाजूला पडून परत येते.

यामुळेच १९६५मध्ये अमेरिकेने डाइम आणि क्वार्टरमधली (२५ सेंटांच्या नाण्यातली) चांदी काढली तेव्हा नवी नाणी तांब्याच्या गाभ्यावर तांबे-निकेलचा थर अशी केली. चांदीच्या जुन्या नाण्याइतकीच ती या चुंबकाशेजारून मंदावली पाहिजेत, नाहीतर देशभरातली मशीनं त्यांना खोटी ठरवून परत फेकतील, हा विचार त्यात होता. म्हणून माझ्या मशीनमध्ये १९५७चा चांदीचा डाइमही चालतो आणि परवा किराणा दुकानात मिळालेलाही.

दादरची_सई

हे वाचून दादर स्टेशनवरची वजनाची मशीनं आठवली. रंगीबेरंगी दिवे, आत फिरणारं चाक, उभं राहायचं, नाणं टाकायचं, आणि जाड पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, आणि सोबत भविष्य, काहींवर सिनेनट. आम्ही बहिणी तिकिटं पाठ्यपुस्तकात जपून ठेवायचो. ती मशीनं कुणी गोळा करतं का? आणि जुनं वानखेडे २०११च्या विश्वचषकाआधी नव्याने बांधलं तेव्हा आधीच्या खुर्च्या आणि पाट्या कुठे गेल्या? कुणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा, मला मनापासून जाणून घ्यायचंय.

उद्यमनगरी

सई ताई, वजनाच्या मशीनसाठी भंगारवाल्यांकडे विचारावं लागेल. आमच्याकडे जुनं बीड वितळवायला येतं तेव्हा मी आता नजर ठेवीन. शिलाई मशीनचे पाय, शाळेच्या बाकांचे पाय, थिएटरच्या खुर्च्यांचे पाय रोज भट्टीत जातात. या धाग्यानंतर ते बघवणार नाही.

नाणेघाट

उद्यमनगरी, थिएटरच्या खुर्च्यांचे पाय दिसले तर एक जोडी तरी बाजूला ठेवा, आणि कोणत्या गावच्या कोणत्या थिएटरचे ते खडूने लिहून फोटो काढा. माझी विनंती समजा.

सई, वानखेडेच्या खुर्च्यांसाठी जुन्या ग्राउंड्समनना आणि ठेकेदारांना गाठावं लागेल. डेट्रॉईटमध्ये स्टेडियम पाडल्यावर उरलेल्या रिकाम्या मैदानावरचं गवत २०१०पासून साधे चाहते स्वतःच्या मशीनने कापत होते, कुणी सांगितलं नव्हतं. २०१८ला तिथे मुलांसाठी मैदान उभं राहिलं, आणि जुना ध्वजस्तंभ आज तिथेच आहे. पिट्सबर्गमध्ये फोर्ब्स फील्ड या पाडलेल्या मैदानाची होम प्लेट विद्यापीठाच्या इमारतीत जमिनीत काचेखाली ठेवलीय, आणि उरलेल्या भिंतीपाशी दर १३ ऑक्टोबरला लोक जमून १९६०ची अंतिम मालिका जिंकून देणाऱ्या मॅझेरोस्कीच्या होमरनचं प्रक्षेपण ऐकतात. एवढं जपलं गेलं ते चाहत्यांनी चिकाटी धरली म्हणून. मुंबईत हे होऊ शकतं.

कोलंबसवासी

नवीन सदस्य, ओहायोहून. धागा एका बैठकीत वाचला. जवळच्या गावात एका शेतकऱ्याच्या कोठारात व्हेंडो ४४ आहे. दरवाजा बंद होतो, किल्ली नाही, चालतं की नाही त्यांना माहीत नाही. सोबत दोन लाकडी स्टेडियम खुर्च्याही देतो म्हणतात, कुठल्या ते माहीत नाही. शनिवारी बघायला जातोय. काय बघू?

नाणेघाट

कोलंबसवासी, जरूर जा. मशीनपासून सुरू करा. विजेरी घेऊन तळ बघा, खालचा पत्रा बोटाने दाबून बघा. तळ गेला असेल तर काम मोठं आहे. अक्षरं उठावाची आहेत का बघा. नाण्याची यंत्रणा आत आहे की काढून नेली आहे हे किल्लीशिवाय कळणार नाही, पण परतीचा दांडा दाबून बघा. आत काहीतरी हलल्याचा आवाज आला तर आशा आहे. कुलूप ड्रिलने फोडू देऊ नका, इथले कुलूपवाले किल्ली बनवून देतात. तिथे वीज जोडूनही बघू नका, थंडगार काकांनी वायरबद्दल लिहिलंय ते वाचा.

नेताना उभंच न्या. आडवं केलं तर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत जातं. नाइलाजाने झोपवावं लागलं तर घरी आणून उभं केल्यावर निदान एक पूर्ण दिवस चालू करू नका.

खुर्च्या उलट्या करून बघा. पाय जमिनीवर बसणारे आहेत की पायरीच्या उभ्या भिंतीला बोल्टने लागणारे? दुसऱ्या प्रकारच्या असतील तर त्या स्वतः उभ्या राहत नाहीत, खाली कंस बसवावे लागतील, आणि ते कंस जुन्याच भोकांत बसवा, नवी भोकं पाडू नका. पट्टीवर नंबरची लहान पाटी असेल, पायावर आतल्या बाजूला ओतीव अक्षरं किंवा भाग-क्रमांक असेल, त्याचे फोटो इथे टाका. रंग अजिबात घासू नका. १९७८च्या आधीचा आहे म्हणजे शिसं असण्याची शक्यता दाट, हाताळल्यावर हात धुवा आणि घरात लहान मूल असेल तर तपासणी होईपर्यंत गॅरेजमध्येच ठेवा.

आणि त्या शेतकऱ्यांशी निवांत बोला. खुर्च्या वडिलांनी आणल्या की आजोबांनी, कोणत्या गावाहून, कोणत्या साली, ट्रकमध्ये की रेल्वेने, जे सांगतील ते त्यांच्यासमोर लिहून घ्या आणि खाली त्यांची सही घ्या.

उद्यमनगरी

पायाची उंची आणि बोल्टच्या भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून आणा. स्टीलची पट्टी वापरा, कापडी टेप नको, ती ताणते. फोटो आणि मापं आली की मी इथे बघून सांगतो.